बारडोलीचा धडा आणि घराची हद्द

बारडोली हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९२८ सालचा साराबंदीचा लढा उभा राहतो आणि त्याच्या पाठोपाठ वल्लभभाई पटेलांची करारी मूर्ती. सुरत जिल्ह्यातल्या या लहानशा तालुक्याने बलाढ्य साम्राज्याला नमविले, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण तो लढा मुळात कशावरून पेटला हे विचारले, तर पुष्कळांना सांगता येणार नाही. तो पेटला एका मापावरून. जमीन कोणी पाहिली, कशी पाहिली आणि तिच्यावरचा आकडा कोठे बसून ठरविला, हा त्या लढ्याचा गाभा होता. आज गावोगावी आणि शहरोशहरी शेजाऱ्याशेजाऱ्यांत भिंतीवरून, कुंपणावरून, पागोळीच्या पाण्यावरून जे तंटे चालतात, त्यांचा विचार करताना आम्हाला बारडोलीची आठवण होते ती यासाठी. तो तालुका जुन्या मुंबई इलाख्यातला; त्याच्या आणि आपल्या जमिनीच्या कायद्याचे मूळ एकच आहे. त्यामुळे तिथला धडा परका नाही.

थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. बारडोलीच्या साऱ्याची फेरआकारणी करण्याचे काम जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडे सोपविले होते. त्यांनी जवळजवळ ३० टक्के वाढ सुचविली. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी निराळी कारणे देऊन तिच्याच आसपासचा आकडा सांगितला आणि अखेर सरकारने सुमारे २२ टक्के वाढ लादली. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते : ही आकारणी आमच्या शेतात येऊन केलेली नाही, खंडाचे आकडे पडताळून पाहिलेले नाहीत, निःपक्षपाती चौकशी होईपर्यंत आम्ही सारा भरणार नाही. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रतिज्ञा झाली. जप्त्या झाल्या, गुरेढोरे नेली, जमिनी खालसा झाल्या; पण तालुका हलला नाही. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. ते दोघे गावोगाव फिरले, रयतेसमोर बसून त्यांनी आकडे तपासले, आणि वाढ हवी ती ५.७ टक्के असा निर्णय दिला. कचेरीतला आकडा २२ आणि बांधावरचा आकडा ५.७! एका जमिनीची दोन मापे, आणि दोहोंत चौपटीचे अंतर. महादेव देसाई यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या या लढ्याच्या इतिहासात ही सारी हकीकत आली आहे.

या लढ्यातून आम्ही एकच सूत्र उचलतो. जमिनीचे माप जमिनीवर जाऊन, ज्यांचा संबंध आहे त्या सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले पाहिजे; तसे झाले नाही तर ते माप सरकारने केलेले असो वा शेजाऱ्याने, त्यातून कलहच निपजतो.

आता आजच्या बारडोलीकडे वळू. उसाचे मळे, सहकारी साखर कारखाना, परदेशी गेलेल्या मुलांनी बांधलेले बंगले, आणि शहराच्या कडेला बिनशेती होऊन पडलेले प्लॉट, असे तिचे आजचे रूप आहे. कोकणात, ठाण्या-पालघरात, गोव्यात, जिथे जिथे शेत किंवा आगर मोडून घरे उभी राहत आहेत, तिथे तिथे थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. एकजण आधी घर बांधतो. गवंडी दोरी लावतो ती कुणाच्या तरी अंदाजाने रोवलेल्या खुंटीपासून. पाच वर्षांनी शेजारचा प्लॉटवाला बांधायला येतो, फीत धरतो, आणि आपली जागा दीड फूट कमी भरते असे त्याच्या ध्यानात येते. पहिल्याची भिंत पुढे आली, की त्याच्याही पलीकडच्याची, की मुळात पूर्ण आखणीच सरकलेली आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. तरी दोघेही शपथेवर सांगतात की रेघ आमच्याच बाजूला बरोबर आहे. मग वकिलाची नोटीस जाते, दिवाणी दावा उभा राहतो, आणि ज्यांची मुले एका ओटीवर खेळली ती घरे एकमेकांच्या मयताला जाईनाशी होतात. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देण्याचे नाकारले आणि कुलक्षय ओढवून घेतला, हे आपण कीर्तनात ऐकून माना डोलावतो. घरी येऊन मात्र फीत काढून बसतो.

ही रेघ म्हणजे नेमके काय, हे जरा समजून घेऊ. आपल्याकडची जुनी भूमापने झाली ती सारा वसूल करण्यासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसविली, ती पुढे सर्व इलाख्यात पसरली. तिचे साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. हिशेब करून पाहा : एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. उसाच्या शेतात आण्याची चूक कोणाच्या खिजगणतीत नसे. आज त्याच आण्यात एक जिना किंवा न्हाणीघर बसते. गावनकाशाची गोष्ट याहून पुढची. पुष्कळ जुने नकाशे मैलाला आठ इंच या प्रमाणाचे आहेत. त्यावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर उतरविली तर सुमारे १३ फूट रुंद होते. म्हणून जाणता भूकरमापक नकाशावर पट्टी ठेवून हद्द सांगत नाही. तो मूळ टिपण काढतो, त्यातली अंतरे वाचतो, जुने दगड शोधतो आणि तिथून माप धरतो. शहरातल्या सिटी सर्व्हेचे नकाशे पाचशेला एक अशा मोठ्या प्रमाणाचे असतात. पण तिथेही अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाऊण फुटाहून जास्त. कागदावरच्या रेघेला जाडी असते, एवढे भान दोन्ही शेजाऱ्यांनी ठेवले तरी अर्धा राग शमेल.

कागदांविषयीही मोठा गैरसमज आहे. सातबाराचा उतारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा, शहरात मिळकत पत्रिका, हे हक्कनोंदीचे कागद आहेत. त्यांतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकाच कायद्याचा आधार त्यांना आहे. उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते. भिंत कोठे यावी हे लिहिलेले नसते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती तर कर भरल्याचा पुरावा. ती मालकीची सनद नव्हे. खरेदीखतात मात्र चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आणि चतुःसीमा व क्षेत्रफळ यांचा मेळ बसला नाही तर सर्वसाधारणपणे न्यायालये चतुःसीमेला अधिक वजन देतात. असे असूनही 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुकाची मिळकत' एवढ्या मोघम शब्दांवर लोक आयुष्याची पुंजी ओततात. खरेदी करण्यापूर्वी त्या चारही बाजू पायी चालून पाहणारे ग्राहक किती असतील?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. धर्मशास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्दीवर वड-पिंपळासारखी दीर्घायुषी झाडे लावावीत, आणि माणसे विसरतात म्हणून जमिनीखाली दगड, कोळसा, खापऱ्या, राख अशा न कुजणाऱ्या खुणा पुरून ठेवाव्यात, असे सांगितले आहे. सीमेचा निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा बांध उघडे दिसतात, हा त्यातला बारकावा तर कोणाही कोकणी शेतकऱ्याला पटेल. साक्षीदाराने डोक्यावर माती ठेवून आपल्या पुण्याईची शपथ घेऊन हद्द दाखवायची. आपल्या किनाऱ्यावर शिलाहारकाळातले गधेगाळ अजून उभे आहेत. दिलेल्या जमिनीला जो बाधा आणील त्याला दगडात कोरलेला शाप आहे. पुढे मराठेशाहीत गोतसभा बसे, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐके आणि निवाड्याचा महजर करून देई. त्या काळच्या साऱ्याच रीती आज स्वीकाराव्यात असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांत एक शहाणपण आहे : हद्द ठरविण्याचे काम उघड्यावर, गावासमोर आणि दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत होई.

हे शहाणपण इंग्रजांच्या कायद्यालाही सोडवले नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात हद्दीचा तंटा लवादाकडे सोपविण्याची तरतूद आहे. दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तर त्यांनीच किमान तीन जणांची समिती नेमावी आणि तिने निर्णय द्यावा. हद्दीच्या निशाण्या सांभाळण्याची जबाबदारी त्याच कायद्याने जमीनधारकावर टाकली, आणि त्या मोडणाऱ्याला दंड सांगितला. गुजरातेत हा कायदा पुढे चालू राहिला. महाराष्ट्राने १९६६ साली स्वतःची संहिता केली, तरी निशाण्यांची जबाबदारी आणि दंड तिच्यातही आले. म्हणजे आपल्या परसातला हद्दीचा चिरा ही नुसती धोंड नाही. तो दोन घरांनी मिळून सांभाळायचा ठेवा आहे. कुंपण घालताना गवंड्याने तो उपटून पायाच्या भरावात टाकला तर पुढच्या पिढीचा दावा त्याच दिवशी पेरला गेला असे समजावे.

मग गृहस्थाने करावे काय? आमच्या मते बांधकामाच्या आधी हद्द कायम करण्याची मोजणी मागावी, नंतर नव्हे. तिचा अर्ज महाराष्ट्रात भूमि अभिलेख कार्यालयात करावा लागतो, तर बारडोलीकराला जमीन दफ्तराच्या कचेरीत जाऊन मापणी मागावी लागते. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जाते. आपला रिवाज असा की नोटीस आली की शेजारी मुद्दाम परगावी जातो आणि नंतर 'माझ्यामागे मोजली' म्हणून तक्रार करतो. हे सोडावे. दोघांनी हजर राहावे, माप धरताना पाहावे, शंका त्याच ठिकाणी लिहून द्यावी, खुणा पक्क्या रोवाव्यात, आणि नकाशाची प्रत दोघांनी आपापल्या घरी जपावी. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठाकडून फेरतपासणी, ज्याला आपल्याकडे निमताना मोजणी म्हणतात, ती मागता येते. न्यायालयाची पायरी त्यानंतरची. आणि तिथेही न्यायाधीश बहुधा कमिशनर नेमून पुन्हा मोजणीच करवितात. जे काम पंधरा वर्षांनी, दोन घरे दुभंगल्यावर व्हायचे, ते पाया खणण्यापूर्वी एका सकाळी होऊ शकते.

काळाचाही हिशेब ध्यानात असावा. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, हक्क सांगून आणि खंड न पडता बारा वर्षे ताबा ठेवला तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. खिडकीतून येणारा उजेड व वारा, जाण्यायेण्याची वाट, पाण्याची सोय यांचा वीस वर्षे निर्वेध उपभोग घेतला तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क होऊन बसतो. २००८ साली गुजरातेतल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल ताब्याच्या या कायद्यावर कडक टीका करून त्याचा फेरविचार व्हावा असे सुचविले. परंतु तो कायदा अद्याप आहे, आणि २०१९ च्या निकालानुसार असा ताबेदार स्वतः वादी होऊनही न्यायालयात जाऊ शकतो. या भयाने पुष्कळ सज्जन माणसे शेजाऱ्याला साधी वाटही देईनाशी झाली आहेत. त्यावर एक सोपा उतारा आहे. परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून 'आपल्या परसातून जाण्यास मी आपणास खुशीने मुभा देत आहे' अशी दोन ओळींची चिठ्ठी, तारीख घालून आणि दोघांच्या सह्या करून ठेवावी. तिने माणुसकीही राहते आणि जागाही राहते. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हा आपल्या समाजाचा समज घातक आहे. तोंडी मायेने दिलेली जागा नातवंडांच्या काळात वैराचे कारण होते, याचे दाखले प्रत्येक गावात आहेत.

शेजाऱ्यांना उपदेश करताना सरकारला मोकळे सोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. गुजरातेत उपग्रह आणि आधुनिक यंत्रांच्या साहाय्याने शेतजमिनीची फेरमोजणी झाली; जामनगर जिल्ह्यापासून तिचा आरंभ झाला, आणि क्षेत्र घटले, हद्द सरकली, एकाची जमीन दुसऱ्याच्या नकाशात गेली, अशा शेतकऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. यंत्र अचूक असते, परंतु जमिनीवर कोणाचा ताबा कोठपर्यंत आहे हे यंत्राला कोणीतरी दाखवावे लागते. दाखविणारा बांधावर उतरला नाही तर आकाशातला डोळा जयकरांच्या कचेरीतल्या टेबलापेक्षा वेगळा ठरत नाही. गावठाणांची हेळसांड तर शतकाची आहे. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, पण ज्या घरात शेतकरी निजतो त्या घराचा नकाशा हजारो गावांत नव्हताच. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. तिच्यातली एक गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. ड्रोन उडण्यापूर्वी घराघराच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात आणि मग वरून छायाचित्र घेतले जाते. म्हणजे त्या चुन्याच्या रेघेपाशी दोन्ही शेजारी उभे असतील तर नकाशा नुसता ते मतैक्य टिपून घेतो. ते नसतील तर नकाशा चूक टिपतो आणि तिला सरकारी शिक्का बसतो. चुन्याची फक्की घेऊन माणूस दारी आला असता घरी असणे, हे आज नागरिकाचे कर्तव्य होऊन बसले आहे.

बारडोलीच्या संदर्भात आणखी एका वर्गाची आठवण ठेवलीच पाहिजे. ज्या काळात पाटीदार शेतकरी आपल्या बांधासाठी सरकारशी झुंजत होता, त्या काळात त्याच्या शेतात राबणाऱ्या हळपतीला बांधच नव्हता. हाळी पद्धतीत पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेलेला तो मजूर मालकाच्या जागेवरच्या झोपडीत राही. त्याच्या दाराबाहेरची हातभर जमीनही त्याची नव्हती. आपल्या किनाऱ्यावरच्या कुळांची आणि पाड्यांची कथा फारशी निराळी नाही. दीड फुटासाठी कज्जा करणाऱ्याने क्षणभर त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. हद्द असणे हेच मुळात भाग्य आहे, आणि ते भाग्य ज्यांना अजून मिळालेले नाही त्यांच्या झोपडीभोवती रेघ आखून देणे हे मोजणी खात्याचे पहिले काम असायला हवे.

शेवटी बारडोलीचीच एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. १९३० च्या कायदेभंगात त्या तालुक्याने पुन्हा सारा नाकारला. दडपशाही असह्य झाली तेव्हा हजारो शेतकरी घरांना कुलपे लावून, गुरेढोरे घेऊन शेजारच्या बडोदे संस्थानच्या मुलखात गेले आणि तिथे झोपड्या उभारून राहिले. एका बाजूला इंग्रजी अंमल, दुसऱ्या बाजूला गायकवाडी. मधली हद्द म्हणजे कुठे एखादा बांध, कुठे एखादा ओढा. त्या हद्दीपलीकडच्या शेतांत या बेघर कुटुंबांना आसरा मिळाला. त्या चळवळीत खालसा झालेल्या जमिनी परत करण्यासाठी पुढे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, खास कायदा करावा लागला. ज्या लोकांनी सरकारी मापापुढे मान तुकविली नाही, त्यांना संकटाच्या वेळी बांधापलीकडचा शेजारी उपयोगी पडला, हे त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आणि आपणही विसरू नये. शेजाऱ्याशी असलेली हद्द स्पष्ट असली तर ती ओलांडून त्याच्या घरी जायला संकोच वाटत नाही. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो आणि आपट्याचे सोने घेऊन प्रथम शेजारच्या घरी जातो. ज्याला आपली सीमा कोठे आहे हे ठाऊक आहे त्याचेच ते उल्लंघन खरे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. येत्या ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून गवत माजण्यापूर्वी, शेजाऱ्याला हाक मारावी. दोघांनी मिळून घरामागे जावे आणि हद्दीचे चिरे अजून जागेवर आहेत की नाहीत एवढे पाहून यावे. असतील तर त्यांना चुना लावावा. नसतील तर मोजणीच्या अर्जावर दोघांनी सह्या कराव्यात, आणि फी निम्मी निम्मी भरावी.